वांगणीकाकांच्या बॅटचा आवाज

रबर मेलं, असं टेबल टेनिस खेळणारे म्हणतात. झिजलं, खराब झालं असं म्हणत नाहीत, मेलं म्हणतात. बॅटच्या लाकडावर चिकटवलेला तो रबराचा तुकडा वरून धडधाकट दिसतो, चकाकतोसुद्धा, पण बॉल आला की त्याच्यावर धरला जात नाही, नुसता सटकतो. बाबा कोणाचीही बॅट हातात घेऊन त्यावरून तळव्याची कड हलकेच फिरवायचे आणि जाहीर करायचे, हे मेलं, ह्याच्यात अजून जीव आहे, ह्याचे थोडे दिवस राहिलेत. आईला ह्याची चीड यायची. माणसांची साधी विचारपूस करायला ह्यांना जमत नाही आणि रबराची नाडी बघत बसतात, असं ती पाहुण्यांसमोरही सुनवायची.

बाबांची नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीत, एका केमिकल कंपनीत झाली. घरी आले की कपड्यांना एक आंबूस वास यायचा, तो धुऊनही जात नसे. दारू नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. व्यसन म्हणाल तर एकच, रविवारी सकाळचा हॉल.

हा हॉल अंबरनाथ पूर्वेला, एका मंडळाचा. शनिवारी तिथे बारसं, साखरपुडा नाहीतर कोणाचं तरी तेरावं असतं. रविवारी खुर्च्या भिंतीला लावून टेबल उघडतं, तेव्हा फरशीवर कधी अक्षता असतात, कधी बुंदीचा चुरा. टेबल एकच आणि खेळणारे बरेच, म्हणून नियम सोपा. जिंकेल तो टेबलावर राहणार, हरेल तो बाहेर. बाहेरच्याने बाकावर रांगेत आपली बॅट ठेवायची. मग तो चहाला गेला तरी बॅट त्याची जागा धरून असते. तिथे कोणाचं वय बघत नाहीत की हुद्दा. बाबा देवळात चपला काढायला कुरकुर करत, पण ह्या रांगेत कोणी बॅट पुढे सरकवली तर त्यांचा आवाज हॉलभर जायचा.

वांगणीकाका ह्याच हॉलचे. मी त्यांना वांगणीकाका म्हणते कारण ते वांगणीहून यायचे. तिथे त्यांचं घर, थोडी भातशेती, आणि नोकरी बाबांच्याच कंपनीत, बाबांच्याच पाळीत. दोघं निवृत्तही पाठोपाठ झाले. खेळ मात्र दोघांचा अगदी वेगळा. बाबा फिरकीवाले. टेबलाला चिकटून उभे राहायचे आणि बॉलला असा काही पीळ द्यायचे की तो टप्पा पडल्यावर उसळून अंगावर यायचा. काका टेबलापासून लांब, भातखाचराच्या चिखलात चिखणीला उभे राहिल्यासारखे पाय रोवून, आणि आलेला प्रत्येक बॉल खालून कापून परत.

काकांचं सगळं बळ त्यांच्या बॅटच्या काळ्या बाजूला होतं. रबराची एक बाजू गुळगुळीत असते आणि दुसरीवर दाणे असतात. बहुतेक लोक दाणे आत दाबून गुळगुळीत बाजू वर ठेवतात, कारण तिच्यावर बॉल पकडला जातो आणि फिरकी देता येते. काकांच्या काळ्या बाजूचे दाणे बाहेर होते, चांगले लांब. असे दाणे बॉल पकडत नाहीत, त्यामुळे समोरच्याने दिलेली फिरकी तशीच्या तशी त्याच्याकडे परत जाते. तुम्ही जितका जीव काढून बॉल फिरवाल तितका तो परत येताना जड होऊन येणार आणि तुमच्या बॅटवरून थेट जाळीत जाणार. हॉलमधले बाकीचे दाण्यांना नावं ठेवायचे, हा काय खेळ आहे का, म्हणायचे. बाबांनी कधी नावं ठेवली नाहीत. इथे मला माझा खरा हिशोब फक्त हाच माणूस दाखवतो, म्हणायचे.

मला तो माणूस आणि त्याचा खेळ, दोन्ही फारसे आवडत नसत. बाबा घामाघूम व्हायचे आणि हा माणूस नुसता उभा.

माझं लग्न मोडलं आणि मी बदलापूरला बाबांकडे राहायला आले, तेव्हा आई जाऊन काही वर्षं झाली होती. नातेवाइकांनी जे विचारायचं ते सगळं विचारून घेतलं, न विचारायचंही विचारलं. बाबांनी पहिल्या रविवारी बॅट पिशवीत टाकताना एवढंच विचारलं, "हॉलवर येतेस?" मी गेले. मग दर रविवारी जायला लागले. खेळायचे थोडंफार, पण माझं मुख्य काम स्कोअर सांगण्याचं. त्या हॉलने मला त्या काळात वेड लागू दिलं नाही, हे मी कबूल करते.

बाबांच्या हाताची थरथर मला आधी चहाच्या बशीत ऐकू आली. कप खाली ठेवताना बशी किणकिणायची. मी म्हटलं, थंडी आहे. थंडी गेली तरी बशी किणकिणत राहिली. मग सर्व्हिस चुकायला लागली, सदऱ्याची बटणं लागेनाशी झाली. उल्हासनगरच्या डॉक्टरांनी बाबांना दारापर्यंत चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली आणि कंपवात आहे म्हणून सांगितलं. औषधं लिहून दिली. मग त्यांना कळलं की बाबा खेळतात, तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकले. म्हणाले, "गोळ्या त्यांचं काम करतील. पण तुमचं खरं औषध हालचाल आहे. खेळणं सोडू नका. तुम्ही थांबलात की शरीर ताठायला लागेल, आणि मग ते मागे फिरवणं माझ्या हातात नाही."

परत येताना विठ्ठलवाडीच्या पुलावर रिक्षा अडकली तेव्हा बाबा म्हणाले, "खेळेन मी. पण मला खोटं खेळवायचं नाही कोणी. दया म्हणून कोणी एक बॉल सोडला ना, त्या दिवशी मी बॅट ठेवली. हॉलवर सांगून टाक सगळ्यांना."

मी सांगितलं. काय करणार? सगळ्यांनी माना डोलावल्या, कोणी कोणी बाबांच्या पाठीवर थापही मारली. वांगणीकाका तेवढे खिडकीबाहेर बघत होते. बाबांचे हातपाय त्या टेबलावर अवलंबून, आणि टेबल अवलंबून असं की तिथल्या एकाही माणसाला त्यांची कीव येता कामा नये. माणसांना कीव येते. त्याला कोण काय करणार?

त्याच महिन्यात बाबांनी नवं रबर घ्यायचं काढलं. जुन्याची पकड गेली म्हणून बॉल जाळीत जातोय, असं त्यांचं म्हणणं. मी वाद घातला नाही. आम्ही उल्हासनगरला कॅम्प एकच्या त्यांच्या नेहमीच्या दुकानात गेलो. एका बाजूला पडद्याच्या कापडांचं दुकान, दुसऱ्या बाजूला बॅगांचं, आणि मध्ये चिंचोळ्या जागेत खेळाचं सामान. दुकानदार सिंधी, बाबांच्याच वयाचा. "आओ साईं, किती दिवसांनी!" म्हणून त्याने हात पुढे केला. बाबांचा हात हातात आल्यावर त्याला काय ते कळलं. त्याने ते न कळल्यासारखं केलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

काउंटरवर त्याने तीन पाकिटं मांडली. पहिल्यातल्या रबरावर त्याने बॉल दाबला आणि रबर उलटं धरलं. बॉल क्षणभर तसाच चिकटून राहिला, मग पडला. "ये देखो, स्पिन का बाप. पण मूडी आहे साईं. आपला स्पिन देतो, तसा सामनेवाल्याचा पण पुरा खातो. बॅट जरा तिरछी झाली तर बॉल गेला." दुसरं दाबून दाखवलं, त्याच्या खालचा स्पंज मऊ आणि पातळ होता. "ये कंट्रोलवाला. स्पिन मध्यम. हाथ थोडा इधर-उधर झाला तरी..." आणि तो तिथेच थांबला. मग घाईघाईने तिसरं उचललं. "आणि हा कडक. शाळा-कॉलेजवाले हाच नेतात. स्पिन काही खास नाही, पण मरतच नाही. चालतच राहतो."

"दुसरं द्या," मी म्हणाले.

"पहिलं," बाबा म्हणाले.

मी त्यांना समजावलं. समोर वांगणीकाका असणार, त्यांचा कापलेला जड बॉल येणार, आणि हे चिकट रबर तो सगळा जडपणा ओढून घेणार. मऊ, शांत रबर असेल तर निदान बॉल पलीकडे तरी जाईल. बाबा म्हणाले, "बॉल खालून उचलला तर जाळीत जात नाही."

"उचलायला हाताला वेग लागतो, बाबा."

"मला शिकवू नकोस."

शेठने मध्ये तोंड घातलं. "साईं, बेटी बरोबर बोलते. हा चिकट तर काही महिन्यांतच खलास. बीचवाला घ्या. आरामसे टिकेल."

"टिकून काय करायचंय?" बाबा म्हणाले. अगदी साध्या आवाजात, भाजीवाल्याशी बोलावं तसं. "माझ्या हातात आहे तोवर जे बॉल धरेल असं मला दे."

शेठने शेजारी हाक मारून चहा सांगितला. मला मात्र संताप आला. परक्या माणसाच्या दुकानात, पोटच्या मुलीसमोर असं बोलतात का? मी पाकिटांकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड केलं. बाबांनी थोड्या वेळाने माझा दंड धरला आणि म्हणाले, "बरं. लाल बाजूला माझं, काळ्या बाजूला तुझं." म्हणजे फटक्याच्या बाजूला चिकट रबर आणि अडवायच्या बाजूला कंट्रोलचं. चहाचा कप त्यांनी दुकानात उचललाच नाही, आणि का ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

रबर बाबा स्वतःच लावत. दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. स्पंजवर आणि लाकडावर पांढऱ्या गोंदाचा पातळ हात द्यायचा, तो वाळून पारदर्शक होईपर्यंत थांबायचं, मग मुठीकडून सुरुवात करून रबर हळूहळू टेकवत न्यायचं आणि वरून आईचं जुनं लाटणं फिरवायचं. इथवर सगळं जमलं. लाटणं दाबून धरलं की थरथरही दबून जायची. पण मग लाकडाच्या गोलाईने बाहेर आलेलं रबर कापायचं असतं, आणि ते एका दमात कापावं लागतं. बाबांनी पातं लावलं. ते सरळ आत घुसलं आणि लाल रबराच्या कडेचा लचका निघाला.

बाबा म्हणाले, "इकडे ये. पातं तू धर. घट्ट धर आणि हलवू नकोस, बाकी मी बघतो." मी दोन्ही हातांनी पातं पाटावर रोवून धरलं आणि त्यांनी बॅट दोन्ही तळव्यांत पकडून त्याच्यावर फिरवत नेली. बॅट थरथरत होती, पातं स्थिर होतं, आणि रबराची कड खाली पडत गेली. कड थोडी करवतीसारखी झाली, पण लागलं. कित्येक वर्षांत आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते पहिलं काम असेल. मला रडू आलं, ते मी गोंदाच्या वासावर ढकललं.

हॉलवर पहिल्या रविवारी जे व्हायचं तेच झालं. बाबांची पाळी आली, समोर वांगणीकाका होते. दहा फटक्यांत एखादा बाबांना मनासारखा जमायचा. तो बॉल खरंच पूर्वीसारखा पीळ घेऊन जायचा, आणि काकांच्या दाण्यांवरून तोच पीळ घेऊन परत यायचा. दुसऱ्यांदा उचलायची ताकद हातात नव्हती. म्हणजे बाबा जितके चांगले खेळत तितके लवकर हरत होते. हरून बाहेर यायचे, बॅट रांगेच्या शेवटी ठेवायचे, गुडघ्यावर हात दाबून बसायचे आणि पाळी आली की परत उठायचे. घरी येताना दमलेले असायचे, पण पाय हलके असायचे. दर वेळी एकच वाक्य बोलायचे, "आज एक बॉल काय गेला, पाहिलास?"

काही रविवार असे गेले आणि मग बाबा जिंकले. काकांविरुद्ध. मी स्कोअर सांगताना चुकले, इतकी गडबडले. पुढच्या गेममध्ये दुसऱ्या कोणी तरी बाबांना हरवलं, पण त्याचं काही नाही. त्या दिवशी मी बदलापूर स्टेशनाबाहेरून जिलबी घेतली. पुढच्या रविवारी बाबा परत जिंकले. मी सगळ्यांना सांगत सुटले, गोळ्यांचा गुण आला, रबराचा गुण आला. चिकट रबराला आपण उगाच विरोध केला, असंही मनात येऊन गेलं.

तिसऱ्या खेपेला बाकावरची पाण्याची बाटली सांडली आणि मी बॅटी ओल्या होऊ नयेत म्हणून भराभर उचलल्या. वांगणीकाकांची बॅट हातात आली. काळ्या बाजूला माझा अंगठा लागला, आणि तो सरकला. दाणे नव्हते. काळंच रबर, पण गुळगुळीत, आणि तेही मेलेलं. लांबून काही फरक दिसत नव्हता. काळं ते काळंच.

काका जिन्याखाली बिडी ओढत होते. मी जाऊन समोर उभी राहिले आणि बॅट पुढे धरली. त्यांनी बिडी विझवली.

"त्याला बोलू नको, बाय," ते म्हणाले.

"तुम्हाला सांगितलं होतं ना? सगळ्यांसमोर सांगितलं होतं मी."

"सांगितलंस गो. पन मना नाय बघवत. त्याचा बॉल जातो कसला झकास, आन माझे दानं तोच त्याच्या अंगावर टाकतात. मी मुद्दाम सोडायला गेलो, तर हात सोडीतच नाय. सवयच नाय हाताला. मंग काय करू? दान्यांची बॅट पिशवीत ठेवली, ही दुसरी घेतली." थोडं थांबून ते म्हणाले, "तो नाय खेळला तं मी तरी कोनाबरोबर खेळू?"

मला त्यांना खूप काही बोलायचं होतं. मी बॅट त्यांच्या हातात दिली आणि वर आले. बाबा टेबलावर हसत होते. तो हसरा चेहरा मोडायचं धाडस माझ्यात नव्हतं, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. जिंकोत बिचारे, हालचाल होतेय ना, असं मी मनाशी म्हटलं.

त्या संध्याकाळी बाबा गॅलरीत बसून ओल्या स्पंजने रबर पुसत होते. हे काम त्यांचं कधी चुकत नसे. पुसता पुसता म्हणाले, "काकाने बॅट बदललीय. काळ्या बाजूला दाणे नाहीत."

मी कपडे वाळत घालत होते. हातातला टॉवेल तसाच राहिला. "कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्याच बॉलला. दाण्यांवर बॉल लागला की बसका आवाज येतो. एवढी वर्षं तो आवाज ऐकतोय मी. आता टक् करून येतो. त्याला वाटलं मी बघून ओळखतो." बाबा स्वतःशीच हसले. "बघून कोण ओळखतं?"

"मग तुम्ही म्हणाला होतात की..."

"म्हणालो होतो." त्यांनी बॅट मांडीवर ठेवली. मांडी आणि बॅट दोन्ही थरथरत होत्या. "त्याचा चेहरा बघितलास का हरताना? त्या माणसाने जन्मात बॉल सोडलेला नाही. माझ्यासाठी लोकांसमोर दर रविवारी हरतो, आणि ते कमी म्हणून मेल्या रबराची बॅट घेऊन हॉलमध्ये दिवसभर मार खातो. आता मी बॅट ठेवली तर त्याला कळेल की मला कळलं. मग तो पुन्हा तोंड दाखवायचा नाही. मग मी कोणाशी खेळू?" आणि मग म्हणाले, "त्याला बोलू नकोस."

म्हणजे दोन म्हातारे दर रविवारी एकमेकांना फसवत होते आणि मी मध्ये उभी राहून स्कोअर सांगत होते. ते पावसाळाभर चाललं. बाबा जिंकून खुश झाल्याचं नाटक करायचे आणि काका हरून चिडल्याचं. काकांना नाटक अजिबात येत नव्हतं. मला कधी हसू यायचं, कधी दोघांच्या डोक्यात टेबल घालावंसं वाटायचं. पण बाबा चालत होते, वाकत होते, हात वर नेत होते. डॉक्टर समाधानी होते. मी ह्या खोटेपणाची इतकी सवय करून घेतली की तो असाच चालत राहील अशी माझी खात्री झाली.

मग दिवाळीनंतरचा एक रविवार आला. बाबांची सर्व्हिस होती. सर्व्हिसला बॉल उघड्या तळव्यावर, सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा असतो आणि तिथून वर उडवायचा. बाबांनी बॉल तळव्यावर ठेवला. तो घरंगळून पडला. उचलून परत ठेवला, परत पडला. हॉलमधले लोक बोलायचे थांबले, आणि ते थांबले हे फार वाईट झालं. बॉल टेबलाखाली गेला तेव्हा वांगणीकाका वाकले, त्यांनी तो काढला आणि बाबांच्या बाजूला येऊन म्हणाले, "आन, तुझी सर्व्हिस मी टाकतो. काय व्हतं त्याला?"

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पिशवी उघड."

"काय रं?"

"जुनी बॅट काढ. दाण्यांची. दर रविवारी घेऊन येतोस, मला माहीत आहे."

काकांनी झटकन माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, मी नाही सांगितलं. "कधी कळला तुला?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या दिवशी."

"आन इतके दिस मंग..."

"इतके दिवस तुझ्यासाठी खेळलो. आता माझ्यासाठी एक गेम खेळ. खरा. एक जरी बॉल सोडलास ना, तर मला ऐकू येईल."

काकांनी पिशवीतून बॅट काढली. जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली होती.

सर्व्हिसचा नियम तेवढा दोघांनी मोडला, बाबांनी बॉल टेबलावर टप्पा पाडून मारायचा असं ठरलं. बाकी सगळा खेळ नियमाने झाला. तो बसका आवाज मला कित्येक महिन्यांनी ऐकू आला, आणि बाबा म्हणत होते ते खरं होतं, डोळे मिटूनही ओळखता आला असता. बाबांना काहीच जमेना. बॉल जाळीत, बॉल बाहेर, बॉल बॅटच्या कडेला लागून छताकडे. मी स्कोअर सांगत होते आणि बाबांच्या बाजूला शून्यच म्हणत होते. माझा आवाज दर वेळी बारीक होत होता.

आणि मग शेवटाकडे एक फटका बाबांना जमला. कसा ते मला सांगता येणार नाही. क्षणभर हाताची थरथर कुठे गेली कोण जाणे. चिकट रबराने बॉल धरला, ओढला आणि सोडला. तो जाळीवरून जेमतेम गेला, टप्पा पडल्यावर बाहेरच्या अंगाला वळला. बाकावरून कोणी तरी "वा!" म्हणून ओरडलं. बाबांच्या जुन्या दिवसांतला बॉल होता तो.

काका धावले. त्या वयात, त्या गुडघ्यांनिशी ते बाकापर्यंत धावले आणि खाली वाकून तो बॉल कापून परत पाठवला. तो हळू तरंगत आला, भरलेल्या पोत्यासारखा जड. बाबांनी बॅट लावली आणि बॉल जाळीत गेला.

गेम संपला. बाबांनी हात पुढे केला, काकांनी तो दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या कसल्या वाजवता, असं मला ओरडावंसं वाटलं. बाबांनी बॅट पुसली, कव्हरमध्ये घातली आणि म्हणाले, "चल."

रिक्षात त्यांनी विचारलं, "खरं खेळला ना तो?"

"हो," मी म्हणाले.

त्यानंतर बाबा हॉलवर गेले नाहीत. मी विनवण्या केल्या, भांडले, अबोला धरला. घरातल्या जेवणाच्या टेबलावर जाळी लावून दिली, तिला त्यांनी हात लावला नाही. डॉक्टर म्हणाले होते तेच झालं, आणि ते म्हणाले होते त्यापेक्षा लवकर झालं. आधी पाय घसटायला लागले, मग मान वळेना, मग चेहऱ्यावरचं हसू गेलं. आता मी त्यांना भरवते. पेज गळ्याखाली उतरायलाही वेळ लागतो.

वांगणीकाका दर रविवारी येतात. त्यांनीही खेळणं सोडलं. बाबांच्या खुर्चीशेजारी बसून वांगणीत कुठली शेतं बिल्डरने घेतली, ह्या वर्षी भात कसा आहे, कंपनीतलं कोण गेलं, हे सांगत राहतात. बाबा डोळ्यांनी ऐकतात. मध्ये कधी तरी काका त्यांचा हात आपल्या हातात घेऊन बसतात. बाबा अजून बोलू शकत होते तेव्हा एकदा मला म्हणाले होते की असा माणूस मिळायला भाग्य लागतं.

असेल. मी काकांना चहा देते, निघताना त्यांच्या पिशवीत काही ना काही घालते, पावसात त्यांना रिक्षापर्यंत सोडते. ते माझ्याशी फार मायेने वागतात. पण तो एक बॉल त्यांनी सोडायला हवा होता. बाबांना ते ऐकू आलं असतं, त्यांनी तिथेच बॅट ठेवली असती आणि मग काकांना आयुष्यात कधी माफ केलं नसतं, हे सगळं मला कळतं. तरी त्या बाकापर्यंत धावत गेल्याबद्दल मी काकांना अजून माफ केलेलं नाही.